चालू पाइपातलं प्रेशर कसं काढायचं: शेततळ्यापासून बागेच्या व्हॉल्व्हपर्यंत

निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत उभं राहा, दाबाचं एकक एकच ऐकू येईल: किलो. "फिल्टरला दीड किलो येतंय, पण प्लॉटवर पाऊण किलोच मिळतंय." नवीन माणूस लगेच मोटरवाल्याला किंवा पाइपवाल्याला दोष देऊन मोकळा होतो. खरं तर मधलं पाऊण किलो कुठं गेलं, हे दहावीच्या गणितावर आणि मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. त्यासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतात: उंचीतला फरक, पाण्याचा प्रवाह आणि पाइपाचा आतला व्यास. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक मांडणी घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू. माळावर शेततळं आहे. त्याच्या पाण्याच्या पातळीपासून बागेतला व्हॉल्व्ह १८ मीटर खाली आहे. मधे ३०० मीटर पीव्हीसी पाइप, ६३ मिमीचा, ज्याला दुकानात दोन इंची म्हणतात. मोटर नाही, पाणी उतारानेच येतं. मोटर असेल तर काय बदलतं ते ओघात सांगतो.

आधी किलो आणि मीटर यांची सांगड

एक किलो प्रेशर म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेवर एक किलो वजनाचा भार. आता एक चौरस सेंटीमीटर तळाची, १० मीटर उंचीची पाण्याने भरलेली नळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात १००० घनसेंटीमीटर पाणी, म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. म्हणून १० मीटर पाण्याचा स्तंभ बरोबर एक किलो प्रेशर देतो. पाठ करण्यासारखं एवढंच. पुस्तकी एककात लिहायचं तर एक किलो म्हणजे सुमारे ९८ किलोपास्कल, कारण पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर आणि गुरुत्वीय त्वरण ९.८१, एका मीटरला ९.८१ किलोपास्कल. गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर) बार लिहिलेलं असेल तर किलो आणि बार यांत दोन टक्क्यांचाच फरक आहे. शेतात तो विसरला तरी चालतो.

माझा आग्रह असा, की सगळा हिशेब मीटरमध्येच करायचा आणि अगदी शेवटी दहाने भागून किलो काढायचे. उंची मीटरमध्ये, घर्षण मीटरमध्ये, वेगसुद्धा मीटरमध्ये. पास्कलमध्ये शिरलात की शून्यं मोजण्यातच दिवस जातो.

पहिली पायरी: उंचीतला फरक

मोबाइलच्या उंची दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. त्यात पाच-दहा मीटरची चूक सहज येते, म्हणजे अर्धा ते एक किलो इथंच गेला. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी आणि टेप घेऊन टप्प्याटप्प्याने उतरत यायचं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे पाइपलाइन पूर्ण भरू द्या, खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, कुठंच गळती नाही याची खात्री करा आणि व्हॉल्व्हच्या अलीकडे लावलेलं गेज वाचा. पाणी थांबलेलं असताना गेज जे दाखवतं ते फक्त उंचीचं असतं. आपल्या उदाहरणात काटा १.८ किलोवर येईल, म्हणजे १८ मीटर. पाइप बारीक असो की जाड, सरळ असो की नागमोडी, थांबलेल्या पाण्याला त्याचं सोयरसुतक नाही.

व्हॉल्व्ह उघडला की मात्र काटा खाली येतो. किती खाली येणार, हाच सगळा विषय.

दुसरी पायरी: प्रवाह मोजा

शेतावर २०० लिटरचं निळं पिंप असतंच. लाइनच्या टोकाला ते लावा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर किती सेकंदांत भरतं ते पाहा. पिंप ६७ सेकंदांत भरलं तर प्रवाह २०० ÷ ६७, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३ लिटर. एकदा मोजून थांबू नका, दोन-तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. एक काळजी घ्यायची. पिंपात मोकळं सोडलेलं पाणी आणि ड्रिप चालू असतानाचं पाणी यांचा प्रवाह सारखा नसतो. त्यामुळे व्हॉल्व्ह तेवढाच दाबून मोजा, जेणेकरून गेजवर ड्रिप चालू असतानाचाच आकडा दिसेल. नाहीतर सरळ ड्रिपर मोजा: ताशी ४ लिटरचे २७०० ड्रिपर असतील तर ताशी १०,८०० लिटर, म्हणजे पुन्हा सेकंदाला ३ लिटरच.

तिसरी पायरी: वेग

प्रवाह भागिले पाइपाचं आतलं क्षेत्रफळ म्हणजे वेग. इथं नवखे लोक पाइपावर छापलेला ६३ मिमी हा आकडा घेतात. तो बाहेरचा व्यास आहे. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत साधारण ६० मिमी उरतो, आणि पाइप किती किलोचा, म्हणजे किती किलो दाब सोसणारा, त्यावर तो थोडा कमी-जास्त होतो. कापलेला तुकडा असेल तर टेप लावून बघा.

क्षेत्रफळ = ०.७८५ × ०.०६ × ०.०६ = ०.००२८३ चौरस मीटर.
वेग = ०.००३ ÷ ०.००२८३ = १.०६ मीटर प्रति सेकंद.

पाइप मधेच बारीक झाला तर तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात कमी जागेतून जायचं असतं, म्हणून वेग वाढतो. व्यास अर्धा केला की क्षेत्रफळ पाव होतं आणि वेग चौपट. पुढच्या सगळ्या गमतीजमती या एका गोष्टीतून निघतात.

चौथी पायरी: जमाखर्च

१७३८ साली डॅनियल बर्नूलीने मांडलेलं तत्त्व, त्यात घर्षण मिळवून, आपल्या भाषेत असं: पाण्याजवळ उंचीचं भांडवल असतं. वाहताना ते तीन खात्यांत वाटलं जातं. काही वेगाच्या खात्यात, काही घर्षणात कायमचं बुडीत, आणि उरेल ते दाबाच्या खात्यात. म्हणून

दाब = उंचीतला फरक − वेगाचा हिस्सा − घर्षणाचा तोटा

मोटर असेल तर उंचीच्या जागी मोटरचं हेड, म्हणजे तेवढ्या प्रवाहाला ती पाणी जितके मीटर वर ढकलू शकते ती उंची, घ्या. पाणी वर चढवायचं असेल तर चढण वजा करा, उतार असेल तर मिळवा. बाकी सूत्र तेच.

वेगाचा हिस्सा = वेग × वेग ÷ १९.६२. (१९.६२ म्हणजे ९.८१ ची दुप्पट.) आपला वेग १.०६, म्हणून १.१२ ÷ १९.६२ = ०.०५७ मीटर. सहा सेंटीमीटरसुद्धा नाही! म्हणजे "वेगामुळे प्रेशर जातं" हे साध्या पाइपलाइनच्या बाबतीत नावापुरतंच खरं. प्रेशर खातं ते घर्षण.

घर्षणासाठी डार्सी-वाइसबाख सूत्र वापरा:

घर्षणाचा तोटा = ०.०२ × (लांबी ÷ व्यास) × वेगाचा हिस्सा

यातला ०.०२ हा घर्षणांक. गुळगुळीत पीव्हीसी आणि आपल्याकडच्या नेहमीच्या वेगासाठी तो चालतो. जुन्या गंजलेल्या लोखंडी पाइपाला तो बराच जास्त घ्यावा लागतो. लांबी ३०० भागिले ०.०६ म्हणजे ५०००. त्याला ०.०२ ने गुणलं की १००. म्हणजे तोटा = १०० × ०.०५७ = ५.७ मीटर. ड्रिपची आखणी करणारे बहुधा हेझन-विल्यम्स सूत्र वापरतात. त्यात पीव्हीसीचा गुणांक १५० धरून हाच हिशेब केला तरी ५.७ च्या आसपासच येतो, तेव्हा कुठलं सूत्र खरं यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बेंड, टी, तोंडाशी पाणी आत शिरताना होणारी ओढाताण, हे सगळं मिळून वेगाच्या हिश्श्याच्या पाचपट धरू: ५ × ०.०५७ = ०.२९ मीटर.

आता वजाबाकी: १८ − ०.०६ − ५.७ − ०.२९ = ११.९ मीटर. म्हणजे व्हॉल्व्हपाशी १.२ किलो. पण व्हॉल्व्हच्या अलीकडे सँड फिल्टर (वाळूचा) आणि स्क्रीन फिल्टर (जाळीचा) मिळून ३ मीटर खात असतील, तर उरलं ८.९ मीटर, म्हणजे ०.९ किलोसुद्धा नाही. ड्रिपरवर लिहिलेलं ताशी ४ लिटर सहसा एक किलोला असतं. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, ०.८ किलोला तो ३.६ लिटरवर येतो. सबमेन (प्लॉटमधला उपपाइप) आणि लॅटरलमध्ये (ड्रिपर बसवलेल्या नळीत) आणखी घट होतेच, म्हणून शेवटच्या ओळीतली झाडं मागे का राहतात याचं उत्तर पुष्कळदा मातीत नसून या वजाबाकीत असतं.

मग उपाय काय? आकड्यांनाच विचारा

इथं घाईघाईने मोठी मोटर आणण्याआधी दोन गणितं करून पाहा.

पहिलं: दोन्ही प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडून ६ लिटर मागितले तर? वेग दुप्पट, त्यामुळे वेगाचा हिस्सा चौपट, आणि घर्षणही चौपट: जवळजवळ २३ मीटर. भांडवल आहे १८. हा व्यवहार होऊच शकत नाही. या लाइनीतून फिल्टर काढून, टोक मोकळं सोडून, दाब शून्यावर आणला तरी सव्वापाच लिटरही येणार नाहीत. (१८ ला १०६ ने भागा, वेगाचा हिस्सा ०.१७ येतो, तिथून वेग १.८२, आणि प्रवाह ५.१५ लिटर.) "दोन प्लॉट सोबत चालत नाहीत" ही तक्रार म्हणजे एवढंच.

दुसरं: पाइप ७५ मिमीचा, आतून ७२ मिमी धरू. तेच ३ लिटर पाणी. वेग ०.७४, वेगाचा हिस्सा ०.०२८, घर्षण २.३ मीटर. तोटा ५.७ वरून २.३ वर! व्यास फक्त एक पंचमांशाने वाढला आणि तोटा निम्म्याहून खाली आला, कारण ठरावीक प्रवाहाला घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतं. फिल्टर धरूनही आता व्हॉल्व्हपाशी साडेबारा मीटर, म्हणजे सव्वा किलो मिळतं. माझ्या मते पाइपवर वाचवलेला पैसा हा सगळ्यात महाग पैसा. मोटर असेल तर तो दर महिन्याला वीजबिलातून परत द्यावा लागतो.

मधला उंचवटा

लाइन एकसारखी उतरत नसेल तर हा भाग वगळू नका. समजा शेततळ्यापासून १५० मीटरवर बांध आहे आणि तिथं पाइप पाण्याच्या पातळीपेक्षा फक्त २ मीटर खाली आहे. त्या जागेचा हिशेब वेगळा मांडा: २ − ०.०६ − २.९ (निम्म्या लांबीचं घर्षण) = उणे १ मीटरच्या आसपास. उणे म्हणजे काय? पाइपाच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथं जॉइंट किंचित ढिला असेल तर पाणी गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. गळती दिसत नाही, पण खाली पाणी फडफडत, थांबून थांबून येतं. अशा ठिकाणी एअर व्हॉल्व्ह लावतात तो लाइन भरताना अडकलेली हवा काढायला. दाब उणे असताना मात्र तो उलट हवा आत घेईल. खरा उपाय म्हणजे उंचवट्यापर्यंतचा पाइप मोठा घेणं किंवा उंचवटा खोदून पाइप खाली नेणं.

हीच गोष्ट विहिरीवरच्या मोनोब्लॉकच्या (मोटर-पंप एकत्र असलेल्या संचाच्या) सक्शनला, म्हणजे पाणी वर ओढण्याच्या उंचीला, लागू आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथं तो ९.६ मीटरच. त्यातून फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा एकतर्फी व्हॉल्व्ह), बेंड आणि घर्षण वजा केलं की सहा मीटरच्या पुढे सक्शन ठेवणं म्हणजे रोज प्राइमिंगची, पंपात पाणी भरून हवा काढण्याची, कटकट.

व्हेंच्युरी: बर्नूली बागेत काम करतोय

"पाइप बारीक केला की प्रेशर वाढतं" हा समज पक्का बसलेला आहे. त्याला उत्तर तुमच्याच फिल्टर युनिटवर लावलेलं असतं: ठिबकच्या पाण्यात खत ओढून मिसळणारी व्हेंच्युरी. व्हेंच्युरीच्या गळ्यात पाइप बारीक होतो, वेग वाढतो, वेगाच्या खात्यात जास्त जमा होते आणि दाबाच्या खात्यातून तेवढी वजा. वजा होता होता दाब हवेपेक्षा खाली गेला की बादलीतलं खताचं पाणी नळीतून आपोआप वर ओढलं जातं.

आकडे घाला. आत येणारा दाब १२ मीटर, बादलीतलं पाणी गळ्यापेक्षा १ मीटर खाली. म्हणजे गळ्यात वेगाचा हिस्सा निदान १३ मीटर हवा. वेग = वर्गमूळ (१९.६२ × १३) = सेकंदाला १६ मीटर. ६० मिमीच्या पाइपातलं सगळं ३ लिटर पाणी एवढ्या वेगाने न्यायचं तर गळा साडेपंधरा मिमीचा लागेल. एवढ्याशा भोकातून पूर्ण लाइन काढली तर पुढे दाब राहणार नाही. म्हणून व्हेंच्युरी बायपासवर बसवतात, मेन लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा दाबतात आणि पाण्याचा काही हिस्सा तिच्यातून वळवतात. गळ्यापुढे पाइप हळूहळू रुंद केलेला असतो, त्यामुळे वेगाचा बराचसा दाब परत मिळतो, पण सगळा नाही. खत ओढायचं तर व्हेंच्युरीत शिरतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या दाबात, शिरतानाच्या दाबाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढा फरक पडू द्यावाच लागतो. व्हेंच्युरी खत ओढत नसेल तर आधी तिच्या दोन्ही बाजूंची गेजं वाचा.

आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं, त्याचं काय? अंगठ्याने प्रवाह घटला, त्यामुळे मागच्या नळीतलं घर्षण घटलं, त्यामुळे अंगठ्याच्या मागे दाब वाढला. बाहेर पडलेल्या धारेचा दाब मात्र शून्यच आहे. तो सगळा वेगात गेला.

गेज कुठं आणि कसं लावायचं

गेजची टोटी (जोडनळी) पाइपाला काटकोनात हवी, तिचं टोक आत घुसलेलं नको. टोक प्रवाहाच्या तोंडाशी वळलं तर गेज दाबाबरोबर वेगाचा हिस्साही दाखवतं. हाच गुण वापरून आँरी पितो याने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीचा वेग मोजला होता. तुम्हीही शेतातल्या चारीत करून बघा: पारदर्शक नळी काटकोनात वाकवून तोंड प्रवाहाकडे धरा. आतलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा ५ सेंटीमीटर वर चढलं तर वेग सेकंदाला एक मीटर.

फिल्टरच्या आधी एक, नंतर एक, आणि शेवटच्या लॅटरलपाशी एक, अशी तीन गेजं पुरतात. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. लाइन रिकामी असताना काटा शून्यावर येत नसेल, तर ते गेज टाकून द्या.

नदीत हेच गणित

नाशिकच्या गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की बातम्यांत आकडा क्युसेकमध्ये येतो आणि गोदाघाटावर माणसं दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे, पाणी तिच्या कुठवर आलं ते, बघून पूर किती ते सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे २८३ घनमीटर. पात्राचं ओलं क्षेत्रफळ समजा १८० चौरस मीटर असेल तर सरासरी वेग १.६, घाटाच्या अरुंद जागी ते ९० झालं तर वेग ३.१.

नदीचा पृष्ठभाग हवेला उघडा आहे, त्यामुळे तीन मीटर खोलीवरचा दाब वाहत्या पाण्यातही सरळ ०.३ किलोच. पण हा दाब चारी बाजूंनी सारखा असतो, तो ढकलत नाही. ढकलतो तो वेग, आणि तोही वर्गाने. मांडीभर पाण्यात उभ्या माणसाची अडवणारी जागा ०.२ चौरस मीटर धरा. बळ = ५०० × वेग × वेग × ०.२ न्यूटन. वेग दीड मीटर असताना २२५ न्यूटन, म्हणजे २३ किलोचा रेटा. पाय रोवून कसाबसा उभा राहता येतो. वेग तीन मीटर झाला की ९२ किलो. पाणी तेवढंच खोल, पण माणूस टिकणार नाही. पुराच्या दिवसांत "एवढंच तर पाणी आहे" म्हणून रामकुंडाकडे उतरणाऱ्याला हे दोन आकडे सांगा.

व्हॉल्व्ह बंद करताना

वरचं सगळं गणित पाणी एकसारखं वाहत असतानाचं. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की वाहतं पाणी भिंतीवर आदळल्यासारखं थांबतं आणि दाबाची लाट उलट शेततळ्याकडे जाते. पातळ पीव्हीसीत ही लाट सेकंदाला साधारण ३०० मीटर धावते. वाढलेला दाब = लाटेचा वेग × पाण्याचा वेग ÷ ९.८१ = ३०० × १.०६ ÷ ९.८१ = ३२ मीटर, म्हणजे ३.२ किलो. फिल्टरच्या अलीकडे चालू दाब १.२ किलो होताच, बेरीज ४.४. पाइप चार किलोचा असेल तर तो इथंच, सगळ्यात खालच्या जॉइंटला फुटतो, आणि दुकानदार म्हणतो पाइपावर दगड पडला असेल.

लाट वर जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे ६०० ÷ ३०० = २ सेकंद. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण दणका बसतो. बॉल व्हॉल्व्हची दांडी तर अर्ध्या सेकंदात फिरते. त्यापेक्षा कितीतरी सावकाश, पंधरा-वीस सेकंद घेऊन बंद करा, आणि शेवटचा पाव भाग सगळ्यात हळू, कारण प्रवाह खऱ्या अर्थाने तिथंच तुटतो. एक प्लॉट बंद करून दुसरा सुरू करायचा असेल तर आधी दुसरा उघडा, मग पहिला बंद करा. नवीन लाइन टाकताना शक्य असेल तर उताराच्या तळाचा शेवटचा टप्पा सहा किलोच्या पाइपाचा घ्या.